टेस्टभाऊ

भिलाईच्या कोहका वस्तीतल्या दोन खोल्यांच्या घरात बसून प्रफुल देशभरातल्या वेबसाइटांचे फॉर्म दुरुस्त करायचा. कुणाचं बटण दबत नाही, कुणाचा फोन नंबर फॉर्म घेत नाही, असली दुखणी त्याच्याकडे यायची. काम चांगलं होतं, फक्त त्यात कुणाशी बोलावं लागत नसे. तक्रारी लिहून यायच्या, उत्तरं लिहून जायची.

वडील स्टील प्लांटमधून रिटायर झाल्यावर लवकरच गेले होते. मागच्या उन्हाळ्यात आईही गेली आणि घरातली मराठी संपली. भिलाईत मराठी बोलायची ती घरात. उंबरा ओलांडला की दूधवाल्यापासून दोस्तांपर्यंत सगळं हिंदीत. आई होती तोवर निदान भांडण तरी मराठीत व्हायचं. आता प्रफुल दिवसाकाठी चार वाक्यं बोलला तर बोलला, तीही कुरिअरवाल्याशी. त्याला फार एकटं वाटायचं, पण हे सांगणार कुणाला?

अशात 'सोबत'चं काम आलं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना फोन करून गप्पा मारायच्या, असं हे मंडळ. करिष्मा नावाची एक उत्साही बाई ते चालवायची. वेबसाइटवर फॉर्म भरला की कुणीतरी फोन करणार. तक्रार अशी, की हिंदी निवडणाऱ्यांचे फॉर्म येतात आणि मराठी निवडणाऱ्यांचे येतच नाहीत. 'फोन नंबर तपासा' असं लाल अक्षरात येतं आणि तिथंच घोडं पेंड खातं. करिष्माने आधी कुणाकडून तरी नंबराचा रकाना पुनःपुन्हा बदलून घेतला होता. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

नंबरात काही खोट नव्हतीच. 'छत्तीसगढीत बोललं तर चालेल का' हा प्रश्न फक्त हिंदीवाल्यांसाठी होता. मराठी निवडली की तो लपायचा, पण फॉर्म चालवणाऱ्या प्लगइनमध्ये त्याचं उत्तर सक्तीचंच राहिलं होतं. न विचारलेल्या प्रश्नाच्या उत्तरासाठी फॉर्म अडून बसायचा, आणि म्हातारी माणसं आपलाच मोबाईल बिघडला समजून गप्प राहायची. प्रफुलने ती सक्ती काढली आणि तपासायला स्वतःच फॉर्म भरला. नाव 'टेस्ट', भाषा मराठी, नंबर आपलाच. साठीच्या आतलं वय फॉर्म घेत नव्हता, म्हणून वय एकाहत्तर. फॉर्म सरळ गेला.

संध्याकाळी फोन वाजला.

"टेस्टभाऊ बोलून राहिले का?" एक बाई विचारत होती. "मी सोबतमधून सत्यशीला. जेवण झालं का तुमचं?"

ही नुसती तपासणी होती असं सांगायला प्रफुलने तोंड उघडलं आणि भलतंच बोलून गेला. "नाई, अजून नाई जेवलो." स्वतःचा आवाज त्याला ओळखू आला नाही. सत्यशीला रेल्वेतून रिटायर झालेली, जुनवानीत राहणारी. मंडळात मराठीत फोन करणारी तेवढी एकच. फॉर्म आला की फोन करायचाच, हा तिचा नियम. शेवटी प्रफुलने खरं काय ते सांगितलं, तेव्हा ती खूप हसली. मग भाजी काय करणार म्हणून विचारलं आणि गप्पा वांग्यांवर गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा टेस्ट केली. त्यानंतरही करत राहिला. फॉर्म ठणठणीत होता, पण अजून थोडं तपासणं बाकी आहे, असं तो करिष्माला कळवायचा. चोराच्या मनात चांदणं, म्हणून रोज नवं निमित्त लागे. कधी नंबराआधी शून्य टाकून बघ, कधी नावात टिंब देऊन बघ. उन्हं उतरली की मोबाईल हातात घेऊन बसायचा. सत्यशीला टेस्टभाऊंचे गुडघे कसे आहेत विचारायची आणि हा तिशीतला बाप्या खुशाल कण्हून दाखवायचा. बोलता बोलता तास निघून जाई.

एका संध्याकाळी मात्र ती हसली नाही.

"कुम्हारीच्या कमलिनीबाईचा फॉर्म परवापासून पडून आहे," ती म्हणाली. "नवा फॉर्म यादीत वर येते, म्हणून पहिला फोन तुलेच जाते. तुह्याशीच बोलत बसतो न मी, तिचा फोन राहून जाते. फॉर्म त कवाचाच दुरुस्त झाला. मंग कावून भरून राहिला तू?"

प्रफुल शरमेने पाणी पाणी झाला.

"बोलाचंच आहे न तुले?" सत्यशीलेचा आवाज जरा निवळला. "मंग तिले फोन तू कर. आमाले मराठी बोलणारं माणूस पाहिजेच आहे."

करिष्माला तर आनंदच झाला. तिने प्रफुलचं नाव फोन करणाऱ्यांत घातलं आणि सूचना पाठवल्या: आधी आपलं नाव सांगा, तब्येत विचारा, स्वतःचं रडगाणं गाऊ नका. सगळ्यात आधी प्रफुलने फॉर्मांच्या यादीतले सगळे टेस्टभाऊ एकेक करून पुसून टाकले. मग खाली उरलेला कमलिनीबाईंचा नंबर लावला.

पहिली रिंग पुरती वाजायच्या आत फोन उचलला गेला.

"कोण?"

"मी सोबतमधून प्रफुल." आता तब्येत विचारायची होती. सूचना समोरच होत्या. पण इतके दिवस मनात साठलेलंच आधी बाहेर आलं.

"आजी, मी एकटा राह्यतो. आई गेली तवापासून घरात मराठी बोलाले कोणीच नाई."

पलीकडे टीव्ही चालू होता. त्याचा आवाज बंद झाला.

"मंग बोल न बाबा," कमलिनीबाई म्हणाल्या. "मी परवापासून फोनपाशीच बसून आहो."