कोल्ह्याच्या चित्रातली म्हातारी

उंब्रजच्या पेठेत माझं शिलाईचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक मशीन, एक बाकडं आणि त्या बाकड्यावर बसून दिवसभर माझं डोकं खाणारी माणसं. कापड घेऊन येणारे थोडे, नुसतं तोंड घेऊन येणारे फार. त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचं, आलेली पत्रं वाचायची, भांडणं मिटवायची आणि वेळ उरलाच तर शिवायचं, असा माझा धंदा.

सेहेचाळीस सालच्या चैत्रात सांगलीहून बटणांचा पुडा आला. तो ज्या कागदात बांधला होता तो मी सवयीनं सरळ केला आणि मोठ्यानं वाचला. वाचायला नको होता. बातमी चार ओळींची होती. सातासमुद्रापलीकडं सिनेमावाल्यांची मोठी सभा भरली आणि हलत्या चित्रांच्या सिनेमांतलं, म्हणजे कार्टूनमधलं, पहिलं बक्षीस एका अस्वलाच्या चित्राला मिळालं. अस्वल मध चोरायला जातं, एवढं खाली लिहिलं होतं. पुढची बातमी आणि तारीख सांगलीच्या दुकानदारानं दुसऱ्या कुणाच्या तरी पुड्याला लावली असणार.

"आन कोल्ह्याचं?" लालासाहेबांनी विचारलं. लालासाहेब म्हणजे आमच्या जत्रेतल्या कुस्त्यांचे पंच. गेली वीस वर्षं त्यांचा निकाल कुणी फिरवलेला नाही.

"कोल्ह्याचं काही नाही."

"दुसरा नंबर तरी?"

"नावच नाही हो."

बाकड्यावर सुतक पडलं. आता उंब्रजात कार्टून म्हणून काही बघितलेला माणूस तेव्हा औषधालाही नव्हता. पण कोल्ह्याचं चित्र सगळ्या पेठेला तोंडपाठ होतं, आणि ते राहीबाईच्या अर्जुनामुळं.

अर्जुना मराठा पलटणीत होता. चव्वेचाळीस साली इटलीत पडला. सरकारी तार आली आणि तारेमागून अकरा दिवसांनी त्याचं पत्र आलं. राहीबाईला वाचता येत नाही, म्हणून ते मीच वाचलं, म्हणजे जेवढं शिल्लक होतं तेवढं. लढाईच्या दिवसांत फौजेतली पत्रं साहेबलोक तपासायचे आणि कुठं आहे, काय चाललंय, असलं काही दिसलं की त्यावर काळी शाई फिरवायचे. अर्जुनाच्या पत्रात 'आईस शिरसाष्टांग नमस्कार' संपल्याबरोबर जी शाई सुरू झाली ती पार दुसऱ्या पानापर्यंत. शाईतून वाचला होता तो फक्त सिनेमा. छावणीत पडदा लावून पलटणीला कोल्ह्याचं चित्र दाखवलं होतं आणि अर्जुनानं ते पहिल्यापासून शेवटापर्यंत लिहून काढलं होतं. साहेबाला कोल्ह्यात लष्करी गुपित काही दिसलं नसावं. शेवटी लिहिलं होतं, 'आई, लय हसलो. पोट दुखलं.'

चित्र असं. डोक्यावर हॅट घालून कोल्हा येतो. कोंबड्याला गोड बोलून खुराड्याबाहेर बोलावतो. कोंबडा येत नाही, तेव्हा शिडी लावतो. शिडी मोडते. मग अंड्यांवरून घसरतो. पण शेवटी कोंबड्याची मान धरतोच. कोंबडा ओरडतो, आणि तेवढ्यात घरातून म्हातारी बाहेर येते. कमरेवर हात ठेवून कोल्ह्याकडं बघते, लुगड्याचा काष्टा आवळते, आणि चुलीपुढची फुकणी उचलून त्याला बडवत बडवत थेट सडकेपर्यंत नेऊन घालते.

हे ऐकून पेठ खूश झाली होती, कारण हे आम्ही डोळ्यांनी बघितलं होतं. बेचाळीस साली भरतीचा एक दलाल हॅट घालून राहीबाईच्या दारात आला आणि अर्जुनाशी गोड बोलायला लागला. राहीबाईनं त्याला फुकणीनं बडवत थेट सडकेपर्यंत नेऊन घातला होता. त्याची हॅट तीन दिवस आमच्या गटारात होती. पुढच्याच महिन्यात अर्जुना आपल्या पायांनी साताऱ्याला जाऊन भरती झाला, ते निराळं. तर सगळ्यांचं म्हणणं एकच, की आपल्या राहीबाईसारखी बाई तिकडंही आहे आणि तिकडच्यांनी तिचं चित्र काढलंय. तिकडं लुगडं कुठून आलं, हा प्रश्न मी धरून पेठेत एकालाही पडला नाही.

राहीबाई दर बाजारादिवशी यायची आणि पत्र वाचायला लावायची. तिला खरं तर शेवटचंच वाक्य हवं असायचं. मरायच्या आधी पोरगं पोट दुखेस्तोवर हसलं, एवढ्या एका गोष्टीवर ती बाई उभी होती. ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कोल्ह्याला वाईट म्हणायची पेठेत कुणाची छाती नव्हती.

ती नाथाजीची झाली. नाथाजी त्याच महिन्यात पलटणीतून नाईक होऊन सुटून आला होता आणि बाकड्यावरची सगळ्यात मोठी जागा अडवून बसला होता.

"अस्वलाचं मी बघितलंय," तो म्हणाला. "कैरोत. बक्षीस बराबर दिलंय. त्याच्यासारखं पिच्चर न्हाई."

लालासाहेबांनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. "निकाली हुतं का?"

"म्हंजी?"

"म्हंजी अस्वलाची पाठ भुईला टेकली का?"

"न्हाई. मधमाश्यांच्या भ्यानं त्ये तळ्यात उडी मारतंय आन ऱ्हातंय बसून."

"मंग बरोबरीत सुटली. बरोबरीत सुटलेल्या कुस्तीला मी कवा नारळ दिला न्हाई, आन ह्येंनी इनाम दिलं? कोल्हा बघ की. सडकंपतुर पळवला! पंच फितूर हाय, नाथा."

"आवं, त्यात कुस्ती नसती, कला असती! अस्वलाचा केस न् केस काढलाय चितारून."

"सिनेमा बघाया गेलतास का केस मोजाया?"

हे आठ दिवस चाललं. मीही गप्प बसलो नाही. एकदा सांगलीला बोलपट पाहिलेला असल्यामुळं सिनेमाच्या बाबतीत पेठेत माझा शब्द शेवटचा, असं माझं मत होतं. त्या आठवड्यात मी एका सदऱ्याला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. नाथाजी एकटा आणि आम्ही सगळे एकीकडं, त्यामुळं आम्हाला फार मजा येत होती. शेवटी त्याचा तोल गेला.

"तुमचं कोल्ह्याचं पिच्चरबी मी बघितलंय!" तो ओरडला. "आन त्यात म्हातारी न्हाईच!"

मशीनवरचा माझा पाय थांबला. दुकानाच्या पायरीवर राहीबाई चोळीचं कापड घेऊन उभी होती.

"काय म्हनलास, नाथा?"

नाथाजीचा चेहरा उतरला. "काकू, मला मधी डुलकी लागली आसंल."

"डुलकीचं ऱ्हाऊंदे. म्हातारी हाय का न्हाई?"

नाथाजी खाली मान घालून म्हणाला, "न्हाई, काकू."

राहीबाई पायरीवर बसली. कापडाची घडी उलगडली, पुन्हा घातली. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "मास्तर, शाईखाली काय हुतं त्ये मला कळायचं न्हाई. एवढ्याच वळी खऱ्या म्हनून धरून बसले हुते. म्हातारी खोटी, तर हसला त्येबी खोटंच आसंल. मला बरं वाटावं म्हनून लिवलं आसंल. रडत लिवलं आसंल पोरानं."

आम्ही सगळे एकदम बोलायला लागलो. लालासाहेब म्हणाले, नाथाजीनं भलताच कोल्हा बघितला असणार. मी म्हणालो, एका सिनेमाच्या दोन प्रती असतात. मला त्यातलं ओ की ठो माहीत नव्हतं. राहीबाईनं आमचं काही ऐकलं नाही.

"त्ये चित्र मला दाव," ती नाथाजीला म्हणाली. "कुठंबी आसूंदे. तवर पत्र वाचायचं न्हाई, मास्तर."

पुढं सात महिने तिनं पत्र आणलं नाही. बाजाराला यायची, मीठमिरची घ्यायची आणि माझ्या दुकानावरून तशीच निघून जायची. इतकी माणसं माझं डोकं खातात, पण ती एक येत नव्हती तर मला करमत नव्हतं.

नाथाजीनं मात्र ते मनाला लावून घेतलं. पलटणीच्या कागदांसाठी तो महिन्याला साताऱ्याला जायचा, तो आता थिएटरच्या मॅनेजरपुढं जाऊन बसायला लागला. इंग्रजी सिनेमाआधी तिथं कधीमधी कार्टून दाखवायचे. मॅनेजरनं त्याला दोनदा हाकलला. तिसऱ्यांदा तो अंगावर वर्दी आणि छातीवर बिल्ले लावून गेला आणि कोल्ह्याचं चित्र मागितलं. मॅनेजरनं घाबरून मुंबईला कागद लिहिला. दिवाळीनंतर चित्राच्या रिळाचा डबा आला.

रविवारी सकाळच्या सर्व्हिस मोटारीनं राहीबाई, नाथाजी, लालासाहेब आणि मी असे चौघं साताऱ्याला गेलो. राहीबाईनं भाकरीचं गाठोडं आणि ते पत्र घेतलं होतं. दुपारी तीनला थिएटरातले दिवे मालवले आणि पडद्यावर कोल्हा आला. डोक्यावर हॅट होती.

"ह्यो बगा, आला," राहीबाई म्हणाली. मग तिला राहवेना. "आता गोड बोलंल. आता शिडी लावंल. आता मोडंल बगा." शिडी मोडली. पुढच्या खुर्चीतले एक वकीलसाहेब मागं वळून म्हणाले, "बाई, आम्हालाही बघू द्या." लालासाहेबांनी त्यांच्याकडं नुसतं बघितलं, तसे ते पुढं वळले. कोल्हा अंड्यांवरून घसरला. सगळं पत्रातल्यासारखंच चाललं होतं. कोल्ह्यानं कोंबड्याची मान धरली. कोंबडा ओरडला, आणि राहीबाई गप्प झाली. आम्ही तिघंही पडद्याकडं न बघता तिच्याकडं बघत होतो.

दार उघडलं आणि कुत्रा बाहेर आला.

जाडजूड, दोन पायांवर चालणारा कुत्रा. त्यानं कमरेवर दोन्ही हात ठेवले, मान तिरकी केली आणि कोल्ह्याकडं बघितलं. मला त्या दलालापुढं दारात उभी राहिलेली राहीबाई आठवली. हुबेहूब तिचंच उभं राहणं, तिचीच मान. मग कुत्र्यानं लाटणं उचललं आणि कोल्ह्याला बडवत सडकेपर्यंत नेला.

"आगं बया!" राहीबाई ओरडली. "कुत्र्याला हाकललं आन पत्रात मला हुबी केली मुडद्यानं!"

आणि ती हसायला लागली. चित्र संपलं, दिवे लागले, तरी हसत होती. वकीलसाहेब पुन्हा वळून बघायला लागले. ती पुढं वाकली, दोन्ही हातांनी पोट धरलं आणि मला म्हणाली, "मास्तर, पोट दुखतंय वो. खरंच दुखतंय. हसला आसंल. माझं पोर हसलंच आसंल."

मुख्य सिनेमा आम्ही बघितलाच नाही. बाहेर लिंबाखाली बसून तिनं आम्हाला भाकरी वाढली. सगळ्यांच्या हातावर पिठलं घातलं, आणि मग पदरानं डोळे पुसत म्हणाली, "कोल्ह्यानं मान धरली, तवा त्येला कुत्रं न्हाई आठवलं. मी आठवले."

मला रडू आलं. लपवायचं कारण नव्हतं, कारण नाथाजी माझ्या आधीच रडत होता.

असलं रडणं लालासाहेबांना सोसत नाही. त्यांनी भाकरी खाली ठेवली. "मंग काय, नाथा? अस्वल का कोल्हा?"

"अस्वल," नाथाजी नाक पुसत म्हणाला. "कोल्ह्यापरास अस्वलच भारी. पर अर्जुनाचं पत्रातलं पिच्चर त्या दोन्हीच्या वर."

"मंग इनाम त्येला मिळाया नगं? म्हनूनच म्हंतो, पंच फितूर."

राहीबाईनं पत्र उलगडून माझ्या हातात दिलं.

"पंचांस्नी काय बोलू नगा, लालासाहेब," ती म्हणाली. "त्येंनी अर्जुनाचं बघितलंच न्हाई. वाचा, मास्तर."