बिनवासाचा सोडा

"मामा, बोला लवकर. खोकी भरायचं मशीन सुरू करू ना?"

नाकमामांनी चिमूटभर सोडा पुन्हा नाकाशी धरला. वास आला नाही. खाण्याच्या सोड्याला वास नसला की माल उत्तम, आणि हे ओळखण्याचाच पगार मामा इतकी वर्षं घेत होते. पण त्या मेल्या तापानंतर त्यांना कशाचाच वास येईनासा झाला होता. आता जगातला सगळा सोडा त्यांना उत्तमच वाटे. हे मामींखेरीज कुणालाही ठाऊक नव्हतं.

"बघतो जरा," मामा म्हणाले.

"अहो, बेकरीवाल्यांची गाडी दारात उभी आहे!" मालक वैतागले.

गोदामात माल दोनच तऱ्हेचा. बेकिंग पावडर भारी नाजूक. हवेतला ओलावा लागला तरी तिचा जोर जातो, म्हणून ती घट्ट झाकणाच्या डब्यात भरायची. तिची परीक्षा मात्र सोपी. चमचाभर गरम पाण्यात टाकायची, फसफसली की झालं. नुसते डोळे पुरतात. सोडा तिच्या मानाने दणकट, वर्षानुवर्षं टिकतो. तो कागदी पोत्यातून येतो आणि कागदी खोक्यातून जातो. पण शेजारी जे असेल त्याचा वास तो कागदातूनही ओढून घेतो.

आणि आज त्याच्या शेजारी फिनेल होतं. काल छत गळायला लागलं, तेव्हा हमालांनी पावडरची पिंपं घाईघाईने कोरड्या बाजूला हलवली. जागा करायला सोड्याची पोती ढकलली, ती थेट साफसफाईच्या सामानाला खेटून.

एरवी मामा "जेवणानंतर सांगतो" म्हणून वेळ काढायचे. दुपारी मामी डबा घेऊन आल्या की मागच्या दाराशी कागदातली चिमूट पुढे करायचे. मामी हुंगून मान हलवायच्या, की मामा रुबाबात आत. आज दुपारपर्यंत थांबायला कोण तयार होतं? माल खराब म्हणावा, तर मागच्याच आठवड्यात, मामींना उशीर झाला तेव्हा, भीतीपोटी चांगला माल परत पाठवून त्यांनी मालकांची बोलणी खाल्ली होती. चांगला म्हणावा, तर उद्या गावभर फिनेलचे केक.

ते मागच्या दाराशी गेले आणि फोन लावला.

"अगं, आत्ताच्या आत्ता ये."

"अहो, केस ओले आहेत माझे!"

"असू देत. आहेस तशी ये."

मामी आल्या त्या पायात दोन वेगळ्या चपला घालून. तोवर आत मशीनची घरघर सुरू झाली होती. मालकांनी वाट पाहणं सोडलं होतं. मामींनी चिमूट हुंगली आणि तोंड फिरवलं.

"शी! नुसतं फिनेल आहे हो."

"नक्की ना?"

"डोकं उठलं माझं, आणि नक्की ना काय विचारताय?"

मामा वळले, तर दारात मालक. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"आधी मशीन बंद करा," मामा म्हणाले. "माझं काय ते मागून बघा."

मशीन थांबलं. मालकांनी भरलेलं एक खोकं फोडून हुंगलं आणि हात झटकले.

"कधीपासून, मामा?"

"त्या तापापासून."

"आणि रोज मामी...?"

"रोज."

मालकांनी फोडलेलं खोकं बाजूला सारलं.

"उद्यापासून तुम्ही पावडर बघा," ते म्हणाले. "मामी, सोड्याला तुम्ही याल का?"

मामींनी नवऱ्याकडे पाहिलं. नोकरी वाचली होती. तरी मामांना रडू येईलसं वाटत होतं.

"येईल ती," ते म्हणाले. "नाक चांगलं आहे तिचं."

बाकीची पोती मामींनी संध्याकाळपर्यंत हुंगून वेगळी केली. मग दोघं बरोबरच घरी निघाले. कोपऱ्यावरच्या घराखाली मामी थबकल्या.

"कुणाचं तरी दूध करपलं वाटतं."

मामा थांबले. मान वर करून त्यांनी उघड्या खिडकीच्या दिशेने लांब श्वास घेतला. वास आला नाही.

"हो," ते म्हणाले. "करपलंय खरं."

मामी चालू लागल्या.