गेल्या वर्षी सरकलेली ओळ

मी पट्टी बोलतेय. लाकडाची, एक फुटी, एका कडेला पितळेची बारीक तार बसवलेली. कंपासपेटीतल्या त्या प्लास्टिकच्या नाजूक पोरींशी माझी गल्लत करू नका. त्या पडल्या की मोडतात. मी आजवर किती वेळा पडले देव जाणे, पण एका कोपऱ्याचा टवका उडण्यापलीकडे मला काही झालेलं नाही. मी बोलते जरा तोडून, हे आधीच सांगून ठेवते. या वयात स्वभाव काही बदलायचा नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. रंधा फिरला, अंग गुळगुळीत झालं, मग आकडे छापणाऱ्या यंत्राखाली गेले. ठप्प! झालं शिक्षण. तुमच्या मुलांसारखी मला वर्षानुवर्षं घोकंपट्टी करावी लागली नाही.

मला विकत घेतलं एका फ्रेमवाल्याने. फोटोंना चौकटी करून देण्याचं त्याचं दुकान तेव्हा नवं होतं आणि तोही तरुण होता. आम्हा बहिणींना त्याने एकेक करून डोळ्यासमोर आडवं धरलं, एक डोळा मिटून पाहिलं आणि दोघी-तिघींना नाक मुरडून परत ठेवलं. मला पाहून म्हणाला, "ही सरळ आहे."

स्टेशनरीवाला वैतागला. "अहो, पट्टी घेताय की सून पसंत करताय?"

दुकानात मी खूप काम केलं. काच, पुठ्ठा, चौकटीचं लाकूड, सगळं माझ्या मापाने कापलं जायचं. लोक फोटो घेऊन यायचे. लग्नाचे, पदवीचे, गेलेल्या माणसांचे. मालक प्रत्येक गोष्ट दोनदा मोजायचा, पेन्सिल कानावर ठेवायचा आणि गिऱ्हाइकाला ठासून सांगायचा, "नीट मोजलं की चुकत नाही." त्याच्या हातून काच वाया गेलेली मी खरंच पाहिली नाही. त्यामुळे ते वाक्य त्याच्या अंगात पार मुरलं. पुढे सगळं रामायण घडलं ते त्या वाक्यामुळेच.

मग दुकानात स्टीलची टेप आली. गुंडाळते काय, सुर्रकन बाहेर येते काय! मला मागच्या खिडकीत टेकू म्हणून लावलं. उन्हाने माझी एक बाजू फिकी पडली. राग आला होता, का खोटं बोलू? पण खिडकीतून मला मागची खोली नीट दिसायची, आणि त्या खोलीत कापायच्या टेबलाच्या एका टोकाला मालकाची थोरली मुलगी अभ्यासाला बसायची. घरी धाकटी बहीण डोकं खाते म्हणून. घरात या मुलीला सगळे मोठी म्हणायचे, मीही तेच म्हणते.

मोठीला पूल बांधायला शिकायचं होतं. पुस्तकाच्या कडेला, पावतीच्या मागे, जिथे रिकामी जागा दिसेल तिथे ती पूल काढायची. त्या शिक्षणाची सगळी कॉलेजं एकाच प्रवेश परीक्षेवर प्रवेश देत. अशा परीक्षेत उत्तरं लिहायची नसतात. प्रश्नाचा आकडा बघायचा, उत्तरपत्रिकेवर त्या आकड्याची ओळ शोधायची आणि चारपैकी एक गोल काळा करायचा. पेपर मशीन तपासतं. मशीनला हातापाया पडून उपयोग नसतो.

मोठीने पहिल्या वर्षी जीव तोडून अभ्यास केला, हे मी माझ्या खिडकीतून पाहिलंय. परीक्षा झाली आणि ती घरी न जाता थेट दुकानात आली. चेहरा पांढराफटक.

"बाबा, माझी ओळ सरकली."

"कसली ओळ?"

"एक प्रश्न नंतर करू म्हणून सोडला. त्याची ओळ मोकळी सोडायची होती, तर पुढच्या प्रश्नाचा गोल मी त्याच ओळीत केला. तिथून सगळी उत्तरं एकेक ओळ वर सरकली. शेवटी एक ओळ रिकामी उरली तेव्हा कळलं. तेवढ्यात पेपर काढून घेतला."

मालकाच्या हातात काच होती. ती त्याने खाली ठेवली. "आणि उत्तरं?"

"उत्तरं बरोबर होती बाबा! मला सगळं येत होतं."

"मग डोळे कुठे होते?" मालक म्हणाला. "नीट बघितलं की चुकत नाही."

त्याच संध्याकाळी मालकाची बहीण, म्हणजे मुलींची आत्या, दुकानात टपकली. हिला बातम्या वाऱ्यावर पोचतात. सगळं ऐकून ती म्हणाली, "अगं, नापास झालेल्या सगळ्यांना सगळं येतच असतं." बोलून मस्त हसली. मी टेकूच्या जागी होते म्हणून, नाहीतर हातावर एक सणसणीत दिली असती.

मालक हसला नाही, पण आपल्या बहिणीला गप्प बस असंही म्हणाला नाही. मोठीला नेमकं तेच लागलं. गुण गेल्याचं दुःख तिने महिनाभरात गिळलं. बाबांचा विश्वास बसला नाही, ते मात्र तिच्या घशात अडकून राहिलं. निकालानंतर मालकाने सांगितलं, "अजून एक वर्ष देतो. त्यानंतर दुकानात बसायचं." तिने मान डोलावली आणि मागच्या खोलीत गेली. तिने खिडकी बंद केली, मला तिथून काढलं, फडक्याने पुसलं आणि पिशवीत टाकलं.

अशी मी उतारवयात कोचिंग क्लासला जाऊ लागले!

क्लास एका चपलांच्या दुकानावरच्या मजल्यावर होता. नव्या चामड्याचा वास थेट फळ्यापर्यंत यायचा. शिकवणाऱ्या सरांना मुलं 'पुढचा-प्रश्न सर' म्हणायची, कारण कोणी अडलं, रडलं, शिंकलं तरी ते "पुढचा प्रश्न!" म्हणून मोकळे व्हायचे. आणि मुलांच्या तऱ्हा तर विचारू नका. एकजण रविवारभर सात रंगांत वेळापत्रक रंगवायचा आणि सोमवारपासून ते पाळायला त्याच्याकडे वेळ नसायचा. एक मुलगी उत्तर सुचलं नाही की डोळे मिटून तिसरा गोल काळा करायची, तिचा त्यावर भारी विश्वास. दोन मैत्रिणी रोज एकमेकींना विचारायच्या, "तुझं किती झालं गं?" "छे गं, काहीच नाही!" दोघींचंही सगळं झालेलं असायचं.

सराव परीक्षेत मोठी मला उत्तरपत्रिकेवर आडवी ठेवायची, नेमकी चालू ओळीच्या खाली. एक गोल झाला की मला एक ओळ खाली सरकवायची. प्रश्न सोडला तरी मी खाली सरकायचेच, त्यामुळे ती ओळ आपोआप मोकळी राहायची. चूक व्हायची सोयच नव्हती. मला काय मान चढला होता! कुठे ती खिडकी आणि कुठे हे काम.

पण माझ्या लक्षात यायला लागलं की पोरीचा हात जड झालाय. गोल करायची, आकडा बघायची, मला सरकवायची, पुन्हा आकडा बघायची, मला दाबून धरायची. वेळ संपायचा आणि शेवटची दोन पानं तशीच राहायची. जे सोडवलं ते सगळं बरोबर, पण गुण गेल्या वर्षीच्या सरावाहून कमी.

एकदा सर तिच्या बाकापाशी थांबले. पुढचा प्रश्न म्हणाले नाहीत, म्हणजे बघा. "ही पट्टी नसेल तर काय करशील?"

"असेल ना सर."

"नसेल तर?"

तिने मला आणखी घट्ट दाबून धरलं.

"हे बघ, प्रत्येक ओळीला भ्यायची गरज नाही. पान उलटायच्या आधी एकदाच बघ. शेवटच्या प्रश्नाचा आकडा आणि शेवटच्या गोलाचा आकडा एकच आहे ना? असला तर पुढे जा. सरकलीच असेल तर एका पानापुरती सरकली असेल, खोडायला वेळ मिळतो. पट्टी पिशवीत ठेव."

तिने मला पिशवीत ठेवलं. सर पुढे गेले आणि तिने मला पुन्हा बाहेर काढलं. खरं सांगते, मला आनंद झाला नाही. आधार द्यावा तो एवढाही नाही की माणूस उभंच राहायचं विसरेल. पण पट्टीचं कोण ऐकतं?

परीक्षेचा दिवस उजाडला. आई एका इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला होती, ती सकाळच्या पाळीला आधीच गेली होती. मालकाने स्वतःच आवरलं, गारठा होता म्हणून वर जाकीट चढवलं आणि मोठीला घेऊन निघाला. गेल्या वर्षापासून दोघांचं बोलणं कामापुरतंच उरलं होतं.

फाटकाशी तपासणी होती. तपासणाऱ्या बाईंनी पेन्सिल पाहिली, ओळखपत्र पाहिलं, मला उचललं आणि बाजूला ठेवलं. "लाकडी चालत नाही. पारदर्शक असेल तरच आत."

मोठीचा चेहरा असा उतरला की मला बघवेना. "मॅडम, ती मला लागते हो. ओळीखाली धरायला."

"नियम आहे बाळा."

मालक पुढे आला. "अहो, साधी पट्टी आहे! तीत काय दडवणार ती? बघा की उलटीपालटी करून!"

"साहेब, माझ्यावर का चिडताय? नियम मी केला का?"

वाद घालता घालता मालकाला घाम फुटला. तोवर ऊनही चढलं होतं. त्याने जाकीट काढून हातावर टाकलं. मोठी रडवेल्या तोंडाने त्याच्याकडे बघत होती, आणि एकदम तिचं बघणं बदललं.

शर्टाची एक बाजू वर, एक बाजू खाली. गळ्याशी एक बटण एकटंच लोंबत होतं आणि खाली एक काज रिकामं.

मोठी फिसकन हसली. "बाबा, तुमचीपण ओळ सरकली!"

मालकाने खाली पाहिलं. त्या बाईंनीही पाहिलं आणि तोंडावर हात धरला. मालकाने रिकामं काज चिमटीत धरलं. नंतर वरपासून खालपर्यंत एकेक बटण चाचपलं. "अरे, पण मी सगळी लावली होती," तो पुटपुटला. "एकही सोडलं नव्हतं. नीट बघून लावली होती."

"हो ना."

"मधे काहीच कळलं नाही गं."

"मधे नाहीच कळत बाबा. शेवटी एक उरतं तेव्हा कळतं."

रांगेतली मुलं पुढे सरकत होती. मालक म्हणाला, "गेल्या वर्षी तू हेच सांगत होतीस."

"हेच सांगत होते."

"माझं चुकलं, मोठे. तुला सगळं येत होतं."

मोठीने डोळे पुसले. मग बाईंच्या टेबलावरून मला उचललं आणि स्वतःच्या हाताने बाबांच्या शर्टाच्या खिशात खोचलं. मी अर्धीअधिक बाहेर, तोही सरकलेला खिसा! "सांभाळा हिला," म्हणाली, आणि मागे वळूनही न बघता आत गेली.

मालक फाटकासमोरच्या कट्ट्यावर बसला. दुसऱ्या एका मुलाच्या वडिलांनी सांगितलं, "अहो, बटणं चुकलीत तुमची." मालक म्हणाला, "माहितीये." आणि तसाच बसून राहिला.

पेपर सुटला. मोठी बाहेर आली. सगळे पालक आपापल्या पोरांना विचारत होते, कसा गेला, किती सोडवले, तो अमका प्रश्न आला का. मालकाने एवढंच विचारलं, "शेवटचं काज उरलं का?"

"नाही बाबा. पान उलटायच्या आधी दर वेळी बघितलं. बरोबर बसलं."

निकाल लागला. पहिल्या पसंतीचं कॉलेज काही मिळालं नाही, तिसऱ्या पसंतीचं मिळालं. पण पूल तिथेही शिकवतात. आत्या पुन्हा दुकानात आली, तोंड गोड करायला. म्हणाली, "चला, यंदा तरी अभ्यास केला म्हणायचा पोरीने!"

मालक काचेला फडकं मारत होता. त्याने फडकं खाली ठेवलं. "अभ्यास तिने गेल्या वर्षीही केला होता. एक ओळ सरकली होती, एवढंच."

आत्याने हातातला पेढा स्वतःच्याच तोंडात टाकला. मागच्या खोलीत मोठी कपडे बॅगेत भरत होती. तिने ते ऐकलं, कारण तिचे हात थांबले. मग तिने उरलेले कपडे नीट घडी न करताच कोंबले आणि नाक ओढत राहिली.

आता मोठी कॉलेजात आहे. मला बरोबर न्यायला विसरली. नाही, विसरली नाही, ठेवून गेली. ते मला बरं वाटलं. खिडकीला आता लोखंडी आकडी बसवली आहे. मी मालकाच्या टेबलाजवळ खिळ्यावर असते आणि माप टेपच घेते. मालक अजूनही दोनदा मोजतो, पण गिऱ्हाइकाला ते जुनं वाक्य ऐकवत नाही.

माझं सांगून झालं. धाकटीची परीक्षा जवळ आलीय, तिचा डोळा माझ्यावर आहे. सरावापुरती जाईन. तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमचं पोर पेपर देऊन आलं आणि "मला येत होतं" म्हणालं, तर उत्तर देण्याआधी एकदा स्वतःची बटणं बघा.