पुलापलीकडे सोडलेले उंदीर

आमच्या घरामागं गुळाचं गोदाम होतं. शाहूपुरीतलं ते घर भाड्यानं घेताना घरमालकानं पाण्याची, उजेडाची, शेजाराची तोंड भरून तारीफ केली होती, फक्त गोदामाचं तेवढं सांगायचं राहून गेलं. गुळाचा हंगाम संपून गोदाम रिकामं झालं, की तिथली सगळी उंदरांची जमात आमच्याकडे मुक्कामाला यायची. पाहुणे निदान येताना कळवतात तरी.

गोष्ट चौऱ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यातली. घरात आम्ही तिघंच. सासूबाई, म्हणजे माई, मी आणि नृसिंह. त्या काळी नवऱ्याचं नाव घ्यायची पद्धत नव्हती, मीही चारचौघांत घेत नसे. आता लिहिताना 'हे' आणि 'आमचे हे' करत बसायचा मला कंटाळा आहे. नृसिंह शिरोलीला एका फौंड्रीत ड्रॉइंग विभागात होते आणि मी मुलींच्या शाळेत गणित शिकवत होते. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. मिरजेला जाऊन दोघांच्याही तपासण्या झाल्या होत्या. दोष कुणातच नाही, वाट पाहा, असं डॉक्टर म्हणाले. दोष सापडला असता तर निदान त्याच्याशी भांडता आलं असतं. मिरजेहून परत येताना बसमध्ये आम्ही दोघं शेंगा खात आलो आणि त्या विषयावर पुन्हा बोललो नाही. माई त्याही आधीपासून बोलत नव्हत्या. आमच्या घरात न बोलण्याची फार चांगली शिस्त होती.

त्या वर्षी उंदरांनी कहर केला. देवापुढच्या तुपात भिजवलेल्या वाती पळवल्या, साबणाची वडी कुरतडली, माझ्या वार्षिक परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचा एक कोपरा खाल्ला. एका मुलीची तर भूमितीची दोन प्रमेयंच गेली. तिला मी पूर्ण गुण देऊन टाकले, कारण उंदरानं खाल्लं म्हणून शून्य कसं देणार?

उंदरांचा बंदोबस्त हे नृसिंहांचं खातं. त्यांच्याकडे तारेचा पिंजरा होता आणि त्याची स्प्रिंग त्यांनी स्वतः बदलून घेतली होती. भाजलेल्या खोबऱ्याचा तुकडा आकड्याला लावायचा, पिंजरा फडताळाखाली सरकवायचा, सकाळी परसात नेऊन पाण्याच्या बादलीत बुडवायचा. यात त्यांना कधी काही वाटलं नाही. माईंना वाटे. त्यांनी आयुष्यात ढेकूण सोडून दुसरा जीव मारला नव्हता, मुंग्यांनाही त्या साखर घालून दाराबाहेर काढत. परसात बादली भरायला लागली की त्या पुढच्या खोलीत जाऊन मोठ्यानं स्तोत्र म्हणायला लागायच्या. दोन्ही आवाज एकदम सुरू व्हायचे आणि एकदम थांबायचे. मी चहा टाकत ते ऐकत असे आणि मनात म्हणत असे, उंदीर मरायला हवेत पण आपल्याला कळता कामा नये, असा हा आमचा धर्म आहे.

मग एके दिवशी बादलीचा आवाज बंद झाला. नृसिंहांनी भरलेला पिंजरा कापडी पिशवीत घातला, सायकलच्या हँडलला अडकवला आणि कामावर निघाले. संध्याकाळी पिंजरा रिकामा परत आला. मी विचारलं तर म्हणाले, "पंचगंगेच्या पुलापलीकडं उसात सोडला. बादलीचा व्याप कशाला?" कणकेत कालवायचं उंदराचं औषध मीच आणून ठेवलं होतं, तेही फडताळातून नाहीसं झालं. मला वाटलं, उन्हाळ्यात माणसं जरा हळवी होत असावीत. आणि पिंजरा असा किती पुरणार? एक उंदीर पुलापलीकडे जाईपर्यंत इकडे चार नवे जन्माला येत होते.

घरात इतर गोष्टीही बदलत होत्या, पण त्यांचा आणि उंदरांचा संबंध असेल हे माझ्या डोक्यात आलं नाही. गणित शिकवणाऱ्या बाईच्या डोक्यात ते यायला हवं होतं. माई मला कळशी उचलू देईनात. लाल भोपळा आणला तर विळी माझ्यासमोरून ओढून घेतली. दुधाचा पहिला पेला मला मिळायला लागला आणि त्यात केशराची काडी असायची. एकदा शाळेतून आले तर ताटात कैरीच्या फोडी मीठ लावून ठेवलेल्या. त्यांनी आपली जुनी, मऊ झालेली लुगडी ट्रंकेतून काढून धुतली, वाळवली, इस्त्री करून आणली आणि घडी घालून ठेवली. "फडक्यांना होतील," म्हणाल्या. फडक्यांना कुणी इस्त्री करून आणत नाही. मला ते सगळं विचित्र वाटत होतं, पण खोटं कशाला सांगू, आवडतही होतं. सहा वर्षांत माई माझ्याशी कधी वाईट वागल्या नव्हत्या, पण माझ्याकडे बघून त्या अशा हसल्याही नव्हत्या.

उलगडा केला तो तानाबाईनं. तानाबाई पुलाच्या शिरोलीची, आमच्याकडे दूध घालायची. एका सकाळी माई, हल्ली रोज जात तशा, देवळात गेल्या होत्या आणि मी पातेलं घेऊन दारात गेले. दूध मापता मापता ती म्हणाली, "बाई, वाकू नगा. मी ठेवते की आत."

"का? मला काय झालंय?"

"आता माज्याफुडं कशाला लपवायचं?" ती आवाज खाली आणून म्हणाली. "मालकांनी उंदीर मारायचं सोडलं न्हवं? पुलाफुडं उसात सोडताना आमच्या धन्यानं दोनदा बघितलं. तवाच म्हटलं, बाईंस्नी दिस गेल्यात. कितवा म्हैना हाय?"

मी पातेलं हातात धरून तशीच उभी राहिले. आमच्याकडची रीत तुम्हाला ठाऊक असेलच. बायकोला दिवस गेले की नवऱ्यानं जीव मारायचा नाही. साप निघाला तरी दुसऱ्याला हाक मारायची, कोंबडं कापायचं असलं तरी भावाला बोलवायचं. पोटातल्या जिवाला बाधतं म्हणतात. आणि तिसरा महिना सरेपर्यंत ती गोष्ट कुणी तोंडानं बोलत नाही, समोरची माणसं खुणांवरून काय ते ओळखतात. इथं खूण तर गावानं बघितली होती, सायकलच्या हँडलला लटकलेली.

"तसलं काही नाही, तानाबाई," मी म्हटलं.

"व्हय व्हय. न्हाईच म्हणायचं असतंय," ती म्हणाली आणि मापावर थोडं जास्तीचं दूध घालून गेली.

मी आत येऊन बसले आणि मला केशर, कैरी, भोपळा, लुगडी सगळं एकदम कळलं. माईंना त्यांच्या मुलानं किंवा मी काही सांगितलं नव्हतं. त्यांनी फक्त बादलीचा आवाज थांबलेला ऐकला होता. त्या गप्प होत्या त्या आनंदानं, आणि रोज सकाळी देवळात कशाला जात होत्या तेही आता कळलं. मला नृसिंहांचा असा राग आला, की ते समोर असते तर मी ते पातेलं त्यांच्या डोक्यात घातलं असतं. हा माणूस ग्रहणात भजी खाणारा, एकादशीला ऑम्लेट मागणारा. याला रीतभात कशाशी खातात ते माहीत नाही, आणि याच्या दुर्लक्षापायी आता मला माईंना सांगावं लागणार होतं, की बाई, घड्या घातलेली ती लुगडी परत ट्रंकेत ठेवा. सहा वर्षं दर महिन्याला मी हे स्वतःला सांगत आले होते. ते दुसऱ्या कुणाला तोंडानं सांगायची वेळ आली नव्हती, तेवढंच काय ते सुख होतं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. पिंजऱ्यात उंदीर सापडला होता. नृसिंह सायकल काढायला लागले तेव्हा मी म्हटलं, "मीही येते." ते गोंधळले, पण नाही म्हणाले नाहीत. मी कॅरिअरवर बसले. माई दारातून ओरडल्या, "हळू जा रे, खड्डे बघून जा." मी मान दुसरीकडे वळवली.

पुलापलीकडे रस्ता सोडून आम्ही उसाच्या बांधावर उतरलो. नृसिंहांनी पिंजरा खाली ठेवून दार उघडलं. उंदीर बाहेर पडायला तयार नव्हता. तो मागच्या कोपऱ्यात दडून बसला. नृसिंहांनी पिंजरा हलवला, तिरका केला, मागून काडी घातली. तो खोबरं धरून तिथंच. शेवटी दोघंही उकिडवे बसून त्याची वाट बघायला लागलो.

"तुम्हाला ठाऊक आहे का, सगळ्यांना काय वाटतंय ते?" मी विचारलं. आणि तानाबाईचं, माईंचं, सगळं सांगितलं. आवाज चढवूनच सांगितलं. उसात ऐकायला होतंच कोण? "तुम्हाला उंदरांची दया आली ती आली, पण माणसांचा काही विचार? उद्यापासून बादली सुरू करा. त्या समजतील काय समजायचं ते. मला बोलायला लावू नका."

नृसिंह उंदराकडे बघत राहिले. मग म्हणाले, "दया नाही आली."

"मग?"

"म्हटलं, आधीपासून पाळून बघावं."

मला आधी कळलंच नाही. त्यांनी काडी मोडून तिचे तुकडे केले. "मिरजेचे डॉक्टर म्हणाले ना, वाट बघा म्हणून. नुसती वाट कशी बघायची? तुझ्याकडे शाळा आहे. मी ड्रॉइंग काढताना रेघ मारतो आणि तेच डोक्यात. मग वाटलं, ज्याला मूल होणार असतं तो जे करतो, ते आपण करायला लागावं. खुळ्यासारखं आहे, मला माहीत आहे. माईला कळेल हे नाही लक्षात आलं."

राग कुठं गेला कोण जाणे. मला वाईट वाटलं, आणि तेही त्यांच्यासाठी नाही, माझ्यासाठी. कारण मी आशा सोडून दिली होती. कधी सोडली तेही आठवत नव्हतं. बसमध्ये शेंगा खाताना असेल किंवा त्याआधी. आणि मी समजत होते की त्यांनीही सोडली असेल, म्हणून तर ते इतके निवांत दिसतात. एका घरात, एका अंथरुणावर राहून हा माणूस रोज सकाळी पिशवीत आशा घालून पुलापलीकडे नेत होता आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

"मी माईंना सांगते," मी म्हटलं. "उंदरांचं तुम्हाला हवं ते करा."

आमचं बोलणं थांबल्यावर उंदीर बाहेर आला आणि उसात गेला.

माई स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होत्या. मी समोर बसले आणि आडवळण न घेता सांगितलं. "माई, मला दिवस नाहीत. तुम्हाला जे वाटलं ते तसं नाही."

त्यांचा हात सुपातच राहिला. "मग नृसिंह उंदीर का सोडतोय?"

"होईल तेव्हा होईल, पण आधीपासून पाळतोय म्हणाले."

मला वाटलं, आता रडतील, किंवा मला काहीतरी बोलतील, आणि बोलल्या तर मी ऐकून घेणार होते. पण त्यांनी सुपातला एक खडा उचलून बाहेर टाकला, मग दुसरा टाकला. "त्याच्या वडिलांना असलं काही सुचलं नसतं," एवढंच म्हणाल्या आणि निवडायला लागल्या.

त्याच दिवशी कलत्या उन्हात फडताळाखाली खट् झालं. एकाच वेळी दोन सापडले होते, मोठे, गुळावर पोसलेले. आदल्या आठवड्यात त्यांनी तांदळाची कणगी पोखरली होती आणि वर्षाचं धान्य असं किती दिवस राखणार होतो? नृसिंहांनी पिशवी घेतली आणि सायकलची किल्ली शोधायला लागले.

माई उठल्या. "ठेव ती पिशवी," त्या म्हणाल्या. "रोज रोज पुलापलीकडं जाऊन हे संपायचे नाहीत. आण इकडं."

"माई, तू काय करणार?"

"जे करायचं असतं ते. तू पाळतोयस ना, मग पाळ नीट. घरात मारायचं ते आजपासून मी बघते. पाप लागलं तर मला लागू दे, माझं आता काय अडणार आहे?"

त्यांनी पदर खोचला आणि पिंजरा उचलला. पिंजरा हातात धरताना त्यांनी डोळे मिटून घेतले, ते मी पाहिलं. जिनं मुंगीवर पाय पडू दिला नाही, ती बाई सत्तरीला आलेली, एका हातात पिंजरा घेऊन परसाकडे निघाली होती. मला राहवलं नाही. मी मागोमाग गेले. "माई, द्या तो. मी बुडवते. मला काही वाटत नाही."

परसाच्या दारात त्या थांबल्या आणि माझ्यावर खेकसल्या. त्या कधी खेकसत नसत.

"तू कुठं निघालीस? आत हो. तूही मारायचं नाहीस, बघायचंही नाहीस."

"पण माई, मी सांगितलं ना तुम्हाला, तसलं काही..."

"ऐकलं मी. बहिरी नाही. आत जा म्हटलं ना."

मी आत आले. त्यांनी परसाचं दार बाहेरून ओढून घेतलं. पुढच्या खोलीत नृसिंह पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. परसात बादलीत पाणी पडायला लागलं आणि या वेळी त्यावर स्तोत्र म्हणणारं घरात कुणी नव्हतं. मिरजेहून येताना मला रडू आलं नव्हतं. ते तिथं आलं, आणि आवरेना.