भिंतीवरची सवत

मी एक जुनी, पायाने चालवायची शिलाई मशीन आहे. सध्या माझा मुक्काम शहाडला, एका भंगारवाल्याच्या दारात. मित्रांनो, इथवर मी कशी आले ते सांगते. माझी लाज झाकणार नाही.

माझी मालकीण मोतीबाई, तृतीयपंथी. दुकानं मागून, म्हणजे दुकानोदुकानी टाळी वाजवून, जमवलेल्या पैशांत तिने मला उल्हासनगरच्या एका सिंधी शिंप्याकडून घेतलं आणि मागणं सोडलं. खरवईच्या तिच्या खोलीत ब्लाउज, परकर, शाळेचे गणवेश, सगळं मी शिवलं. रोज ती मला पदराने पुसायची. कुठल्या सुनेचे एवढे लाड झाले नसतील!

मग जीन्सच्या एका कारखानदाराने तिला काम देऊ केलं. पण त्या जाड कापडात माझी सुई मोडायची. मोटारवाली मशीन घे, मग पोत्याने माल देतो, असं तो म्हणाला. मोतीबाईने तसल्या मशीनचं चित्र आणून माझ्यासमोर भिंतीला चिकटवलं. पाय माझ्यावर, नजर तिच्यावर! माझा नुसता जळफळाट व्हायचा. डोळ्यांदेखत सवत आणायला निघाली होती.

एकटीला बँक दारात उभं करीना, म्हणून ती संध्याताईंच्या महिला बचत गटात गेली. दोन वर्षं नेमाने पन्नास-पन्नास रुपये भरले. कर्ज आधी कोणाला, ते चिठ्ठ्या टाकून ठरायचं. २००६ साली दोन चिठ्ठ्या निघाल्या. एक गटातल्याच जिज्ञासाची, पिठाच्या गिरणीसाठी. दुसरी मोतीबाईची. मी मनात म्हटलं, मोडो मेलं हे कर्ज.

आणि मोडलंच. बँकेतल्या साहेबाने रेशनकार्ड पाहिलं. त्यावर नाव होतं मोतीराम. महिलांच्या गटात पुरुष असेल तर अख्ख्या गटाचं कर्ज अडेल, असं त्याने सांगितलं. संध्याताई खोलीवर आल्या. म्हणाल्या, "आम्ही सगळ्या तुझी हमी घेतो. अडलं तर अडू दे, भांडू आपण."

मोतीबाईने भिंतीवरच्या चित्राकडे एकदा पाहिलं. मग म्हणाली, "माझं नाव खोडा, ताई. जिज्ञासाने गिरणीसाठी गाळा भाड्याने घेतलाय. माझं काय, मला टाळी वाजवता येते."

खरं सांगते, मला आनंद झाला. सवत टळली! मोतीबाईने चित्र काढून घडी घातली, तेव्हा तर मी फुलूनच गेले.

पण पुढे गणवेश तयार मिळू लागले, ब्लाउजचं काम आटलं, खोलीचं भाडं थकलं. मोतीबाई पुन्हा दुकानं मागत हिंडू लागली. शेवटी भंगारवाला आला आणि त्याने मला काट्यावर चढवलं.

मोतीबाई त्याला म्हणाली, "हिला विकणार नव्हते रे. मोटारवाली आली असती, तर हिच्यावर आमच्यातल्याच एकीला शिकवून बसवणार होते."

तेव्हा कळलं, मी कोणाचं वाईट चिंतलं होतं ते.

मित्रांनो, उद्या तुमच्यातला कोणी बँकेच्या खुर्चीत बसेल. समोर एखादी मोतीबाई आली, तर कार्डावरचं नाव वाचण्याआधी तिचे हात बघा. सुईने टोचलेली बोटं खोटं बोलत नाहीत.