मला खिळ्याला टांगा

मी एक किल्ली बोलतेय. पितळी, जाडजूड, आष्ट्याच्या बाजारपेठेतल्या पशुखाद्याच्या दुकानाची. शटरचं कुलूप माझ्यावाचून उघडत नाही, एवढाच माझा गुण. बाकीचा मोठेपणा माणसांनी माझ्या गळ्यात बांधला. मी तो मागितला नव्हता, आणि आज तोंडावर सांगते, मला तो नकोय.

हे दुकान फौजेतून परत आल्यावर गुंडाअण्णांनी काढलं. पोती उचलायला त्यांच्याकडे धुळा आला. म्हसवडकडचा मेंढपाळ, दुष्काळात मेंढरं विकून इकडे आलेला. माणूस कामाला वाघ. अण्णांचा त्याच्यावर जीव बसला. एका लक्ष्मीपूजनाला त्यांनी मला हळदकुंकू वाहिलं आणि सगळ्यांदेखत धुळाच्या तळहातावर ठेवलं.

"आजपासनं किल्ली तुझ्याकडं. तू आता नोकर न्हाईस रं, घरचा हाईस."

धुळाचे डोळे भरून आले. त्याने मला कमरेच्या करगोट्याला बांधलं. तेव्हापासून दर लक्ष्मीपूजनाला मी ताटात जायची आणि पुन्हा धुळाच्या हातात यायची. लोक म्हणायचे, काय मान आहे गड्याचा!

मान कसला? सगळ्यांच्या आधी यायचं आणि सगळ्यांच्या नंतर जायचं. हमालांना सुट्टी मिळायची, पण घरच्या माणसाला कसली आलीय सुट्टी? अण्णांच्या मुलीच्या लग्नात धुळाने पंगती वाढल्या आणि स्वतः शेवटी, मांडव सोडायला लागल्यावर जेवला. मी कमरेला होतेच. म्हसवडला दर वर्षी सिद्धनाथाचा रथ निघायचा आणि दर वर्षी धुळा बायकोला म्हणायचा, "तू जाऊन ये. म्होरल्या साली मी येतो. किल्ली कुणाकडं देऊ?" साळूबाई बिचारी एकटी जायची आणि त्याच्यासाठी पदरात गुलाल घेऊन यायची.

अण्णा वाईट नव्हते. धुळा आजारी पडला तेव्हा ते स्वतः मिरजेच्या दवाखान्यात त्याच्या उशाशी बसले होते. म्हणून तर धुळाच्या तोंडून कधी नकार निघाला नाही. पुढे अण्णा गेले आणि त्यांचा मुलगा जयराज गल्ल्यावर बसला. त्याने कॅमेरे लावले, कॉम्प्युटर आणला, उशीर झाला की कारण विचारायला लागला. जुनं सगळं मोडीत काढलं, पण फुकटातला घरचा माणूस तेवढा जपून ठेवला.

मग धुळाच्या गुडघ्यांनी संप केला. त्याची मुलगी सोनम बी.कॉम. होऊन दुकानात बिलं करत होती, म्हणून मी तिच्याकडे गेले. तिने मला पर्समध्ये टाकलं, कंगवा आणि चार्जरच्या शेजारी. मला राग यायला हवा होता, पण खरं सांगू? मला हायसं वाटलं. किती वर्षांनी कुणाच्या कमरेला काचत नव्हते!

यंदा दिवाळीच्या तोंडावर धुळा घरात हळूच म्हणाला, "पाय हायती तवर एकदा रथ बघायचा हुता." पर्स खुंटीला होती, मी ऐकलं. सोनमनेही ऐकलं. दुसऱ्या दिवशी तिने बापाला रथाला न्यायला रजा मागितली.

"त्या दिवशी मी बायकापोरांस्नी घिऊन महाबळेश्वरला चाललोय," जयराज म्हणाला. "दुकान कोण उघडणार? आन् घरच्या माणसानं रजा मागायची असती व्हय?"

"घरची माणसं तर महाबळेश्वरला निघाल्यात न्हवं, दादा?"

जयराजने तोंड कॉम्प्युटरकडे वळवलं, रजा काही दिली नाही. घरी धुळाने लेकीलाच झापलं. "त्यांचं मीठ खाल्लंय आपण. मालकाला उलटून बोलतीस?"

"मीठ खाल्लं, तसं पोतीबी उचलली की तुमी, आबा. फिटलं."

लक्ष्मीपूजनाला सगळे जमले. धुळाही काठी टेकत आला आणि नेहमीसारखा दाराशी उभा राहिला. जयराजने मला ताटातून उचलून सोनमपुढे धरलं. तिने हात पुढे केलाच नाही.

"रथाच्या दिवशी मी न्हाई. त्या दिवशी दुकान तुमी उघडणार असाल तर घेते."

"अट घालतीस? हितनं म्होरं कामावर यायचं का न्हाई, तेबी ठरव मग."

"काम करायला येणार. किल्ली संबाळायला न्हाई."

कुणी पेढ्यालाही हात लावेना. जयराजने मान वळवली आणि मला धुळाकडे नेलं. "धुळामामा, धरा. तुमी कवा न्हाई म्हणाला न्हाईसा."

धुळाचा हात सवयीने पुढे आला. त्याची बोटं मला लागली. मला ओरडावंसं वाटलं, नको रे बाबा, नको घेऊस! पण किल्लीला कुठला आवाज? तेवढ्यात त्याची बोटं थांबली.

"कवाच म्हणालो न्हाई, व्हय," तो स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला. मग त्याने हात मागे घेतला. "आज म्हणतो, धाकलं मालक. न्हाई."

रथाच्या दिवशी मी जयराजच्या खिशात होते. महाबळेश्वर रद्द झालं होतं. शटर उघडताना तो घामाघूम झाला आणि पेंडीला आलेली गिऱ्हाइकं गालात हसली. सोनमला त्याने काढून टाकलं नाही. तिच्यासारखं माणूस आष्ट्यात शोधून मिळणार नाही, हे त्यालाही कळत होतं. आता भिंतीत एक खिळा ठोकलाय. मी तिथे असते. पाळीपाळीने एकेक जण दुकान उघडतो, मालकसुद्धा.

परवा धुळा आला. कपाळावर, टोपीवर, कानाच्या पाळीत गुलाल. त्याने सगळ्यांना प्रसादाचं खोबरं दिलं, जयराजला आधी. मला खिळ्यावर पाहून त्याचा हात कमरेकडे गेला आणि रिकामाच परत आला. मग तो गिऱ्हाइकांच्या बाकावर बसला. सगळा जन्म या दुकानात काढला, पण त्या बाकावर त्याला बसलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

तेव्हा मालक लोकहो, माणूस हवा असेल तर त्याला कामाचा पगार द्या, हक्काची रजा द्या, वाटलं तर मायाही करा. पण मला कुणाच्या कमरेला बांधू नका. मी कुलूप उघडायला जन्मले आहे, माणसाला घालायला नाही.