पाठ असलेला नंबर

लॉवेल टॅकेटशी रोज पहाटे पाच वाजता एक बाई फोनवर बोलायची. म्हणजे तो तपासणी केंद्राचा नंबर लावायचा आणि बोलायचा तिचा रेकॉर्ड केलेला आवाज. "आजचा रंग निळा. दिवस चांगला जावो." केंद्राने लॉवेलला दिलेला रंग तपकिरी. ज्या दिवशी बाई तपकिरी म्हणायची, त्या दिवशी दोन ग्लास पाणी पिऊन तपासणी केंद्रात लघवीचा नमुना द्यायला जायचं. बाकीच्या दिवशी नुसतंच पाणी प्यायचं.

खाणीत त्याची पाठ मोडली तेव्हा डॉक्टरांनी दुखणं थांबवणाऱ्या, सवय लावणाऱ्या गोळ्या दिल्या. डॉक्टरांनी बंद केल्यावर त्या इतरांनी दिल्या. शेवटी पकडला गेल्यावर कोर्टाने विचारलं, तीन वर्षं तुरुंग की उपचार? लॉवेलने उपचार निवडले, त्याला चौदा महिने झाले.

उपचारांचा पहिला नियम म्हणजे जुनी संगत सोडायची. जुनी संगत अर्धी तुरुंगात आणि अर्धी टेकडीवरच्या दफनभूमीत असल्यामुळे हे फारसं जड गेलं नाही. उरला भाऊ एल्डन. तो रस्त्यापलीकडे राहायचा आणि अजून गोळ्या घ्यायचा, म्हणून त्याच्याशी बोलायला बंदी. एल्डन ओसरीवरून हात हलवायचा. उलट हात हलवणं हा संपर्क धरायचा का, असं लॉवेलच्या वकिलाने कोर्टाला लेखी विचारलं होतं. उत्तर यायचं होतं. तोवर लॉवेल हात खिशात ठेवायचा.

शुक्रवारी उपचार पुरे होऊन कोर्टातून सुटका होती. केक, टाळ्या, सगळं. त्याआधी एक फॉर्म भरायचा होता : तलफ आली तर कुणाला फोन कराल? निर्व्यसनी माणसाचं नाव, नंबर, सही. सही नसेल तर सुटका नाही.

लॉवेलने फॉर्म व्हर्ननपुढे धरला. अडुसष्ट वर्षांचा व्हर्नन स्टिडहॅम केंद्रातला तपासनीस. लॉवेल बाटली भरत असताना तीन फुटांवर उभं राहून बघणं हे त्याचं काम. तेवढ्या वेळात त्यांचं हवामानाबद्दल, गुडघ्यांबद्दल आणि व्हर्ननच्या गेलेल्या बायकोच्या मक्याच्या पावाबद्दल बोलणं व्हायचं. एवढं लॉवेल दुसऱ्या कुणाशीच बोलत नव्हता.

"मला सही करता येत नाही, लेका," व्हर्नन म्हणाला. "तपासणाऱ्याने मैत्री करायची नसते. तू सुटलास की करीन."

"सहीशिवाय सुटत नाही मी."

व्हर्ननने फॉर्म उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती.

शेवटी पाद्रीबाबांनी सही दिली. ज्यांना कुणी नव्हतं त्या सगळ्यांनाच ते द्यायचे. लॉवेल त्यातला विसावा माणूस. त्यांनी फक्त त्याचं नाव काय ते विचारून घेतलं.

शुक्रवारी जजबाईंनी सही पाहिली आणि फॉर्म पालथा घातला. तलफ आल्यावर माणूस कागद शोधत बसत नाही, नंबर पाठ पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी स्वतःचा फोन पुढे सरकवला. इथूनच लावा, म्हणाल्या, सगळ्यांना ऐकू येईल असा.

लॉवेलला दोनच नंबर पाठ होते. एक एल्डनचा, तो लावला असता तर केकऐवजी बेडी. बोटांनी दुसरा लावला.

"आजचा रंग तपकिरी," बाई सबंध कोर्टाला म्हणाली. "दिवस चांगला जावो."

मागे कुणीतरी सवयीने टाळ्या वाजवल्या आणि मग थांबवल्या. खरोखर तलफ येते तेव्हा कुणाला फोन करता, असं जजबाईंनी हळू आवाजात विचारलं.

"हिलाच, बाईसाहेब. दिवसभर तेच तेच सांगते. पण उचलते."

जजबाईंनी केक बाजूला सरकवला. मग त्यांनी तीस दिवस वाढवून दिले. ही शिक्षा नाही, म्हणाल्या, माणूस शोधायला मुदत आहे. केक इतरांनी खाल्ला.

रंग तपकिरीच असल्यामुळे लॉवेल दुपारी केंद्रात गेला. बातमी त्याच्या आधी पोचली होती. व्हर्ननने पाणी प्यायलास का, एवढंच विचारलं आणि तो तीन फुटांवर उभा राहिला. आज हवामानाचा विषय निघाला नाही, गुडघ्यांचाही नाही.

"लिहून देता येत नाही," व्हर्नन म्हणाला. "आणि महिनाभर लावायचाही नाही. पण पाठ करू नये असं कुठं लिहिलेलं नाही."

मग त्याने एकेक आकडा सुटा करून आपला नंबर सांगितला. लॉवेल भिंतीकडे तोंड करून म्हणत गेला. शेवटचे दोन आकडे चुकले.

"पुन्हा," व्हर्नन म्हणाला. "आणि बाटलीकडे बघ."